राणीसाहेबांची कात

१

दंतोबाचं खरं नाव त्याच्या बँकेला आणि सासूला तेवढं माहीत होतं. बाकी सगळं जग त्याला दंतोबाच म्हणे आणि तोही आनंदानं ओ देई, कारण दात हाच त्याचा धंदा होता. दाताचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घेऊन साचा पाठवायचे आणि दंतोबा त्यावर कवळी करून द्यायचा. रस्त्यात कुणी हसलं, तर त्यातले आईनं दिलेले दात कुठले आणि कारागिरानं दिलेले कुठले, हे तो लांबून सांगायचा. "फक्त माझ्या हातचे मला ओळखू येत नाहीत," असं तो म्हणे, आणि हे म्हणताना त्याची छाती चार बोटं पुढे येई.

पण दातांपेक्षाही त्याची छाती फुगायची ती राणीसाहेबांच्या नावानं.

राणीसाहेब म्हणजे झाडावर राहणारी टॅरंटुला कोळीण. ती घरी आली तेव्हा मसुराच्या दाण्याएवढी होती, गोळ्यांच्या डबीत ओल्या कागदावर बसलेली. विकणाऱ्यानं बजावलं होतं, "ही जमिनीवर बसणाऱ्यांतली नव्हे. हिला उंची लागते. आणि जगवणं कठीण आहे, आधीच सांगतो." कठीण म्हटलं की दंतोबाला चेव यायचा. त्यानं ती जगवली, वाढवली. आता पाय पसरून बसली तर तळहात झाकून टाकील एवढी झाली होती. अंग काळ्या मखमलीचं, उन्हात त्यावर हिरवट झाक, आणि आठही पायांची टोकं गुलाबी, जणू कुणी रंगाच्या वाटीत बुडवून काढावीत.

तिचं काचघर त्यानं स्वतः केलं होतं. उंच, अरुंद, आत झाडाची साल उभी केलेली. दाराला कवळीच्याच साहित्याची पट्टी घासून घासून अशी बसवली होती की मधून केस जाणार नाही. हवेची भोकं दात कोरायच्या सुईनं पाडलेली. घराच्या मागच्या खोलीत खिडकीखाली त्याचं कामाचं टेबल होतं आणि पाठीमागच्या भिंतीला हे काचघर. तो दिवसभर मेणात दात लावत बसे आणि राणीसाहेब त्याच्या पाठीकडे बघत बसत.

रोज सकाळी एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात पाण्याचा फवारा घेऊन तो त्या खोलीत जाई. काचेवर पाणी मारी. सालीमागे तिनं रेशमाची लांबलचक बाही विणली होती. त्या बाहीच्या तोंडाशी दोन गुलाबी टोकं दिसली की दिवस चांगला. सगळी राणीसाहेब क्वचितच दिसायची. पाहुण्यांना तो दोन टोकं दाखवून परत पाठवायचा आणि वर म्हणायचा, "नशीब लागतं."

त्याची बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची. तिनं पहिल्याच दिवशी तह करून टाकला होता. "तुमच्या राणीसाहेब त्या खोलीत, मी या खोलीत. सवतीशी माझं भांडण नाही, फक्त भेट नको." पण दुकानात कुणी कोळ्यांना नावं ठेवली, तर हीच बाई गोळ्या मोजता मोजता थांबून म्हणायची, "आमच्या ह्यांनी मसुराएवढ्या जिवाची ताटलीएवढी केलीय. तुम्ही कुंडीत तुळस तरी जगवून दाखवा."

२

मग राणीसाहेबांनी खाणं सोडलं. टाकलेले किडे काचेवरून फिरत राहायचे. पुढे बाहीचं तोंडही रेशमानं शिवून बंद झालं. दंतोबाला याची सवय होती. आता ती कात टाकणार. आजवरच्या प्रत्येक खेपेला तिनं जुनी कात बाहेर ढकलून दिली होती, वापरून झालेल्या हातमोज्यासारखी, आणि दंतोबानं ती कापसावर ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली होती.

या वेळी फार दिवस लागले. तो काचेला कान लावून बसे. बायको दारातून म्हणे, "अहो, बाळंतपण आहे का हे?"

"तसंच समज."

आणि एका सकाळी तो चहा घेऊन आत गेला तर राणीसाहेब समोरच्या काचेवर होत्या. सगळ्याच्या सगळ्या. आठही पाय सारख्या अंतरावर पसरलेले, अंगावर नवी तकाकी, आणि उन्हाचा कवडसा नेमका त्यांच्यावर. फोटोग्राफरनं बसवावं तसं.

"अगं, लवकर ये."

बायको उंबऱ्यापर्यंत आली, पुढे आली नाही. तिथूनच मान लांब करून तिनं पाहिलं. "मोठी झाली हो," ती म्हणाली. "आणि धीटही."

दंतोबानं काचघराच्या तळाशी कात शोधली. नव्हती. सालीमागे बॅटरी मारली, तिथंही दिसली नाही. बाहीच्या आत ठेवली असेल, त्यानं मनाशी म्हटलं. माणसं नाही का जुनी दुलई ठेवून देत. आनंदाच्या भरात त्यानं तो विषय तिथंच सोडला.

त्या दिवसापासून राणीसाहेब रोज दर्शन देऊ लागल्या. आज समोरच्या काचेवर, उद्या सालीच्या टोकावर, परवा छताला उलट्या, पुढचे दोन पाय उचलून. रोज नवी जागा, रोज नवा डौल, आणि तोंड नेहमी खोलीकडे. लाजरंबुजरं पोर एकदम स्टेजवर उभं राहून गायला लागावं तसं दंतोबाला झालं.

३

आता पाहुण्यांना नशीब लागेनासं झालं. मेव्हणा शाळेची व्हॅन चालवायचा. तो आला, गुडघ्यावर बसून बघत राहिला, मग त्यानं बोटानं काच वाजवली. राणीसाहेबांची एक लवही हलली नाही.

"भावोजी, हिला ऐकू येत नाही वाटतं."

"राण्या दचकत नसतात," दंतोबा म्हणाला.

मेव्हण्यानंच प्रदर्शनाची गोष्ट काढली. प्राणी पाळणाऱ्यांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, परीक्षक येणार होते. दंतोबानं आधी आढेवेढे घेतले, म्हणजे लोकांनी आग्रह करावा इतपत घेतले, आणि मग नाव दिलं.

त्याला त्या दिवसांत असं काहीतरी हवंच होतं. कारण डॉक्टरांकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका यायच्या. त्यांना त्याच्या हातची कवळी पटत नव्हती. मेणात दात लावून तो तोंडात घालून बघायला पाठवायचा, बाई आरशात पाहायच्या आणि मान हलवायच्या. "छान आहेत. पण माझे नाहीत." कितीदा तरी झालं. डॉक्टर शेवटी म्हणाले होते, "बघा, या खेपेला जमलं तर. नाहीतर मी काम दुसरीकडे देतो." दंतोबाच्या हातचं काम दुसरीकडे जाणं हे त्याच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. तो चिडून त्याच जबड्यावर पुन्हा पुन्हा बसायचा. पाठीमागे राणीसाहेब ऐटीत असायच्या. मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं की त्याला बरं वाटायचं. एक तरी गोष्ट आपल्या हातून बिनचूक झाली.

एका दुपारी जेवताना बायको म्हणाली, "अहो, तुम्ही तिला एवढ्यात चालताना पाहिलंत का?"

त्यानं आठवून पाहिलं. "किडे तर संपतात."

"चालताना पाहिलंत का, असं विचारलं मी."

"ती लाजाळू आहे."

"रोज समोर येऊन बसते, ती लाजाळू?" बायकोनं भात कालवायचा थांबवला. "तुम्ही डॉक्टरांकडे गेलात की त्या खोलीतून आवाज येतो. काहीतरी घासून, दाबून, बसवल्यासारखा. तुम्ही कामाला बसलात की येतो ना, तसा. पहिल्यांदा मला वाटलं तुम्हीच लवकर परत आलात. मी हाकही मारली."

"सालीवर पाय घासत असतील तिचे."

"साल माझ्या कमरेएवढी आहे. आवाज वरून येतो."

"वरून म्हणजे?"

तिनं नुसतं छताकडे पाहिलं आणि पुन्हा भात कालवायला घेतला.

दंतोबा हसला. पण हात धुऊन तो आत गेला आणि त्यानं काचघराची कडी तपासली. कडी लागलेली होती. दाराच्या पट्टीवरून नख फिरवलं. नख अडकलं नाही. आपल्याच कामावर त्याचा जीव पुन्हा एकदा जडला.

४

प्रदर्शनाचा हॉल मोठा होता, पण गर्दी जमली ती दंतोबाच्या टेबलाभोवती. इतरांचे कोळी कोपऱ्यात, फांदीमागे, मातीत दडून बसलेले. राणीसाहेब मात्र मधोमध, पुढचा एक पाय जरा उंच. व्हॅनच्या एवढ्या धक्क्यांतही त्या जागच्या हलल्या नव्हत्या. बायको नवी साडी नेसून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती आणि विचारणाऱ्याला सांगत होती, "मसुराएवढी होती. आमच्या ह्यांनी वाढवली."

परीक्षक एक साठीच्या बाई होत्या, गळ्यात दोरीला चष्मा. त्यांनी काचेवर बॅटरी मारली. खाली वाकल्या, बाजूनं पाहिलं, पुन्हा समोर आल्या.  

"दार उघडू का?" त्यांनी विचारलं.

"अवश्य."

"दार सुरेख बसवलंय."

"स्वतः केलंय," दंतोबा म्हणाला.

त्यांनी मऊ ब्रश आत घातला आणि राणीसाहेबांच्या उचललेल्या पायाला लावला. पाय थोडा सरकला आणि तिथंच राहिला. बाईंनी ब्रश ठेवला, आत हात घातला आणि दोन बोटांत राणीसाहेबांना उचलून बाहेर काढलं. गर्दी मागे सरली. बाईंनी त्यांना तळहातावर उलटं केलं. एक पाय निसटून टेबलावर पडला. काहीच आवाज झाला नाही.

"ही कात आहे," बाई म्हणाल्या.

दंतोबाला शब्द कळला, अर्थ कळला नाही.

"रिकामी कात. बघा ना. पाठीचं झाकण उघडून कोळी बाहेर पडतो. हे झाकण परत लावून शिवलंय. आणि पोट सुरकुतू नये म्हणून आत रेशीम भरलंय." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "काम फार सुंदर आहे. पण ही जिवंत प्राण्यांची स्पर्धा आहे. हे तुम्ही का केलंत?"

"मी नाही केलं."

"मग?"

"ती रोज जागा बदलते," दंतोबा म्हणाला. हे बोलताना त्यालाच आपला आवाज वेड्यासारखा वाटला.

"कात जागा बदलत नाही हो," बाई म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, हेच जास्त लागलं. त्यांनी चिमट्यानं सालीमागची रेशमाची बाही उकलून दाखवली. आत काही नव्हतं. बाहेर पडायला वाटही कुठे नव्हती. त्यांनी दार, छत, भोकं, सगळं तपासलं आणि म्हणाल्या, "यातून तर मुंगीसुद्धा सुटणार नाही." त्या तसल्या क्षणीही दंतोबाला ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

मागून कुणीतरी म्हणालं, "खोटे दात करतो ना तो? मग खोटा कोळी करायला काय जातंय?" लोक हसले.

बायको टेबलाला वळसा घालून पुढे आली. तिनं खाली पडलेला तो पाय उचलला. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं राणीसाहेबांना हात लावला होता. "माझा नवरा खोटे दात करतो," ती म्हणाली, "म्हणून त्याला खोटं बोलायची गरज पडत नाही." मग तिनं कात आणि पाय आपल्या रुमालात गुंडाळले, आणि दंतोबानं काचघर उचललं.

५

मेव्हण्यानं व्हॅन थेट घरी आणली. पोचल्यावर तिघांनी मिळून मागची खोली धुंडाळली. कपाट हलवलं, पडद्यामागे पाहिलं, खोक्यांच्या तळाशी झाडू फिरवला. कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा सापडला नाही. खोली नको इतकी स्वच्छ होती. मेव्हणा छताकडे बघत म्हणाला, "निसटली असेल कुठेतरी. मेलीही असेल." पण स्वरात दम नव्हता, आणि चहाला न थांबताच तो गेला.

दंतोबानं रुमालातली कात काचघराच्या तळाशी ठेवली, तुटलेला पाय शेजारी. दाराला कडी घातली. खोलीलाही बाहेरून कुलूप लावून किल्ली उशाखाली ठेवली.

सकाळी कात सालीच्या टोकावर होती. पाय जागच्या जागी. जोड कुठे आहे हे त्याला भिंगानंही सापडेना.

बायकोला त्यानं बोलावलं नाही. तो टेबलापाशी बसला. मुख्याध्यापिका बाईंचा जबडा समोर होता. मागच्या दाढा मेणात लावून झाल्या होत्या, पुढचे दात बाकी होते. त्यानं मेण तापवलं, पण हात चालेना. रविवार होता. बाहेर पोरं सायकली पळवत होती, खिडकीतून भरपूर ऊन येत होतं, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत होती. अशा उजेडात भिण्यासारखं काय असणार.

तेवढ्यात त्याच्या पाठीमागे कुणीतरी काहीतरी बसवलं.

आवाज त्याच्या ओळखीचा होता. पंचवीस वर्षं तो हाच आवाज करत आला होता. हलकेच घासणं, मग दाबणं, मग थांबणं.

तो वळला नाही. वळलं की थांबेल, एवढं त्याला कळलं. टेबलावर दाताच्या डॉक्टरांचा असतो तो छोटा आरसा पडलेला होता, दांड्याच्या टोकाला नाण्याएवढी काच. त्यानं तो उचलला आणि खांद्याच्या बाजूनं मागे धरला.

नाण्याएवढ्या काचेत त्याला आधी कात दिसली. मग कातीच्या पायाला टेकलेलं एक गुलाबी टोक. ते टोक त्याच्या अंगठ्याएवढं रुंद होतं. त्यानं कातीचा पाय तसूभर वर सरकवला. मग ते मागे झालं आणि थांबलं. आपण दात लावल्यावर जबडा लांब धरून, मान तिरकी करून पाहतो, तसं थांबलं. पटलं नसावं. पुन्हा पुढे आलं आणि पाय केसभर खाली घेतला.

आरसा खोलगट असेल, दंतोबाच्या मनात आलं. अशा आरशात वस्तू मोठ्या दिसतात. त्यानं आरसा जरा वर केला, या पायाचा मालक कुठे आहे ते बघायला. काचघराचं छत दिसलं, बंद होतं. पाय त्याच्याही वर होता. त्यानं आरसा आणखी वर केला. भिंत दिसली. भिंतीवर काळी मखमल, हिरवट झाक. आणखी वर केला. पाय अजून संपला नव्हता.

"अहो, जेवायला येताय ना?" बायकोनं हाक मारली.

हात हलला, आरसा हलला. पुन्हा धरला तेव्हा भिंत नुसती भिंत होती, आणि सालीच्या टोकावर कात दिमाखात बसलेली होती. आदल्या दिवसापेक्षा छान.

तो स्वयंपाकघरात गेला, पाटावर बसला. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं आणि हातातली पळी खाली ठेवली.

"दिसली?"

त्यानं मान डोलावली.   मग जे खरं होतं ते तोंडातून निघालं.

"चांगली वाढली आहे गं."

६

त्या रविवारी त्यानं खोलीला पुन्हा कुलूप लावलं आणि तो परत तिथं गेला नाही. सोमवारी जावंच लागलं, कारण अकरा वाजता डॉक्टरांकडे मुख्याध्यापिका बाई यायच्या होत्या, आणि ही शेवटची संधी होती. फार तर अर्धवट काम घेऊन जाऊ आणि हात जोडू, असं ठरवून त्यानं कुलूप काढलं.

टेबलावर जबडा होता. पुढचे दात लावलेले होते.

त्यानं तो उचलून खिडकीशी नेला. मेण असं गुळगुळीत झालं होतं की त्यावर सुरीची खूण नव्हती. दात एका रांगेत नव्हते. एका बाजूचा दात किंचित वळलेला होता, दुसऱ्याची कड झिजलेली होती. दंतोबानं असे दात कधीच लावले नसते. त्याचे दात सरळ असत, सैनिकांसारखे. पण तो बघत राहिला आणि त्याच्या लक्षात आलं की बाईंच्या मागच्या सगळ्या कवळ्यांत काय चुकत होतं. ती नुसतीच तोंडं होती. हे कुणाचं तरी तोंड होतं.

मग त्यानं पुढच्या तयार दातांची पट्टी पाहिली. दुकानातून येते तशी, कागदात गुंडाळलेली. पट्टीवरचे सगळे दात जागेवर होते. त्यातला एकही कुणी घेतला नव्हता.

शहाण्या माणसानं ते मेण तिथंच वितळवून टाकलं असतं. दंतोबाला हे कळत होतं. पण हातात आलेलं इतकं चांगलं काम त्यानं जन्मात मोडलं नव्हतं. त्यानं ते ओल्या कापसात ठेवलं आणि डॉक्टरांकडे गेला.

मुख्याध्यापिका बाईंनी कवळी तोंडात घातली, ओठ मिटले, उघडले. डॉक्टरांनी आरसा पुढे केला. बाईंनी पाहिलं.  डॉक्टरांनी दंतोबाकडे पाहून खांदे उडवले.

"हे माझे आहेत," बाई म्हणाल्या.

डॉक्टर मोकळेपणानं हसले. "झालं. हेच तर ऐकायचं होतं आम्हाला."

"तसं नव्हे, डॉक्टर." बाईंनी जिभेनं तो झिजलेला दात चाचपला. "माझेच आहेत. हा वळलेला, यावरून मला वर्गात चिडवायचे. आणि हा बघा. दोन्ही हातांत वह्या असल्या की मी खडू या दातात धरायची. कड झिजली होती, इथंच. तुम्हीच नाही का काढलेत हे, मी पन्नाशीत असताना? काढून त्या बादलीत टाकलेत. मी पाहिलं होतं."

डॉक्टर अजून हसत होते, पण आता जरा कमी. "बाई, हाच तर कारागिराचा हात."

बाईंनी दंतोबाकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यात भीतीही होती. "तुम्हाला कसं कळलं? माझ्याकडे तर एक फोटोसुद्धा नाही."

 मेणातली कवळी पक्की करायला परत द्यावी लागते. डॉक्टरांनी हात पुढे केला, तर बाईंनी तोंडावर हात घट्ट धरला. दोघांनी समजूत घातली तेव्हा कुठे त्यांनी ती काढून दिली, आणि देतानाही बोटं लवकर सोडली नाहीत.

"काम आजवरचं तुमचं सर्वांत चांगलं," डॉक्टर दाराशी दंतोबाला म्हणाले. "तुम्हीच केलंत ना?"

"माझ्या घरी झालं," दंतोबा म्हणाला. त्याची मान ताठ होती. ती ताठ आहे हे रस्त्यात आल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो कडेच्या पायरीवर बसला.

७

बायको दुकानातून आली तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. आरशातलंही सांगितलं. ती पिशवी खांद्यावर तशीच ठेवून ऐकत होती.

"म्हणजे ती घरात आहे."

"आहे."

"केवढी आहे?"

"पूर्ण नाही दिसली."

तिनं पिशवी खाली ठेवली. "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते," तो म्हणाला. "फार वाटते."

"मग दादाला बोलावते. व्हॅन आणू दे. आज त्याच्याकडे जाऊ, उद्या बघू काय करायचं ते."

"तू ते काम बघायला हवं होतंस," दंतोबा म्हणाला. "पंचवीस वर्षांत मला जमलं नाही तसं. आणि कुणी शिकवलं तिला? एक शब्द न बोलता, माझ्या पाठीमागे बसून शिकली ती."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं हा चेहरा फार थोड्या वेळा पाहिला होता. मसुराच्या दाण्यानं पहिला किडा पकडला त्या दिवशी पाहिला होता, आणि आज. आपण आता काहीही म्हटलं तरी तो व्हॅनमध्ये बसणार नाही, हे तिला कळलं. आणि आपण त्याला सोडून बसणार नाही, हेही. तिनं पदर खोचला आणि स्वयंपाकाला लागली. मधेच एकदा तिनं न वळता विचारलं, "दार तरी लावून घ्याल ना?"

"घेईन."

संध्याकाळी डॉक्टरांकडून नवा साचा आला. कुणा म्हाताऱ्या गृहस्थाचा होता, वरचा आणि खालचा. दंतोबा मागच्या खोलीत बसला. पाठीमागे त्यानं पाहिलं नाही. मेण तापवलं, पहिला दात लावला, मग दुसरा. हे नेहमीपेक्षा सावकाश केलं, आणि हात असे धरले की मागून नीट दिसावं. तिसरा दात जरा उलट्या बाजूनं बसला. तो त्यानं काढला, पुन्हा लावला, आणि कसा चुकला होता तेही बोटानं दाखवल्यासारखं केलं.

मग उरलेली पट्टी तशीच ठेवून तो उठला. दिवा मालवावा की राहू द्यावा याचा त्यानं क्षणभर विचार केला आणि राहू दिला.

परीक्षेला बसलेल्या पोराची तंद्री मोडू नये म्हणून बाप जसं दार ओढून घेतो, तसं त्यानं दार ओढलं, आवाज न करता. कडीवरून त्याचा हात निघण्याआधीच आत काम सुरू झालं होतं.